शेप जुळत नाही, म्हणजे नक्की काय जुळत नाही?

डिचोलीहून एका विद्यार्थिनीने विचारलंय. तिच्याकडे गोव्यातल्या १२ पर्जन्यमापक केंद्रांचा जून ते सप्टेंबरचा रोजचा पाऊस आहे, म्हणजे १२ ओळी आणि १२२ रकाने. प्रत्येक केंद्राची सरासरी काढून ती त्याच केंद्राच्या रोजच्या आकड्यांतून वजा करायची आहे. नमपायने, म्हणजे पायथनमधल्या आकडेमोडीच्या लायब्ररीने, मात्र सुनावलं, ‘ऑपरँड्स कुड नॉट बी ब्रॉडकास्ट टुगेदर विथ शेप्स (१२,१२२) (१२,)’. म्हणजे १२ गुणिले १२२ चा तक्ता आणि १२ सरासऱ्यांची यादी, यांचे शेप (मापं) एकमेकांना जुळत नाहीत. मैत्रीण म्हणाली, तक्ता रीशेप कर, म्हणजे तेच आकडे त्याच क्रमाने वेगळ्या मापाच्या तक्त्यात भर. वर्गातला एकजण म्हणाला, ट्रान्सपोज कर, म्हणजे ओळींचे रकाने कर. दोन्ही उपायांनी एरर गेला, पण उत्तरं वेगवेगळी आली. बरोबर कोणतं? शिवाय दुसरा प्रश्न: मॉडेलच्या अंदाजातून खरा पाऊस वजा केल्यावर १२२ आकड्यांऐवजी १२२ गुणिले १२२ चा अख्खा तक्ता कुठून आला?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. ट्रान्सपोजवालं बरोबर आहे, रीशेपवालं साफ चुकीचं. पण एवढंच घेऊन गेलात तर पुढच्या वेळी पुन्हा कुणाला तरी विचारावं लागेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फोंड्यात बसून गेली वीसेक वर्षं मी पाऊस, नदीची पातळी, विहिरींचं पाणी असल्याच आकड्यांत आहे. या एका विषयावर माझं ठाम मत झालंय.

शेप म्हणजे नुसती मापं नव्हेत. (१२, १२२) लिहिलं की तुम्ही दोन विधानं करत असता: पहिल्या ॲक्सिसवर (तक्त्याच्या एका दिशेला) केंद्रं आहेत, दुसऱ्यावर दिवस. यंत्राला त्यातलं फक्त १२ आणि १२२ कळतं. ‘केंद्र’ आणि ‘दिवस’ हे शब्द तुमच्या डोक्यात राहतात, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. एरर आला की यंत्र आपल्याला एकच सांगत असतं: तुम्ही जी दोन ॲक्सिस एक समजताय ती एक नाहीत. हे ऐकून घ्यायचं सोडून आपण आकडे जुळवायला धावतो.

नमपायचा नियम छोटा आहे. दोन्ही शेप उजव्या टोकाला जुळवून एकाखाली एक मांडायचे आणि उजवीकडून डावीकडे बघत जायचं. प्रत्येक जोडीत दोन्ही आकडे सारखे हवेत, किंवा त्यातला एक १ हवा. डावीकडे काही कमी पडलं तर तिथे १ आहे असं धरायचं. तुमच्या बाबतीत (१२, १२२) च्या खाली (१२,) उजवीकडे सरकून बसतो, म्हणजे १२२ च्या खाली १२ येतो. सारखे नाहीत, कुणी १ ही नाही. यंत्राच्या समजुतीप्रमाणे तुम्ही १२ केंद्रांच्या सरासऱ्या १२२ दिवसांवर वाटायला सांगितल्या, आणि ते शक्य नाही. तुमचा हेतू चांगला होता, सरासऱ्यांचा ॲरेही (आकड्यांची यादी) बरोबर होता. फक्त तो कोणत्या ॲक्सिसला लागू करायचा हे सांगायचं राहिलं.

ते सांगायचा सरळ मार्ग म्हणजे सरासरी काढतानाच ॲक्सिस = १ (यंत्र ० पासून मोजतं, म्हणून १ म्हणजे दुसरं, दिवसांचं) बरोबर कीपडिम्स = ट्रू द्यायचं. मग सरासरीचा शेप (१२, १) राहतो: १२ केंद्रं, आणि दिवसांच्या जागी एकच खण. आता उजवीकडून १२२ खाली १, चालतं. १२ खाली १२, चालतं. तो एक खण १२२ दिवसांवर पसरतो. सरासरी आधीच काढून ठेवली असेल तर न्यूॲक्सिस वापरून शेवटी एक ॲक्सिस वाढवा, परिणाम तोच. ट्रान्सपोजने का चाललं तेही आता दिसेल. तक्ता (१२२, १२) झाला, केंद्रं उजव्या टोकाला आली, आणि (१२,) बरोबर त्यांच्याखाली बसला.

आता रीशेप. इथे थोडं थांबू या, कारण हा सल्ला मी दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकतो. छोटा तक्ता घ्या. दोन केंद्रं, तीन दिवस. वाळपईची ओळ १, २, ३ आणि पणजीची ओळ ४, ५, ६. ट्रान्सपोज केलात तर ओळी होतात (१, ४), (२, ५), (३, ६). प्रत्येक ओळ एक दिवस, पहिला आकडा वाळपईचा, दुसरा पणजीचा. रीशेप करून (३, २) केलात तर ओळी होतात (१, २), (३, ४), (५, ६). मधल्या ओळीत वाळपईचा तिसरा दिवस आणि पणजीचा पहिला दिवस शेजारी बसलेत. ही ओळ कशाची आहे याला उत्तरच नाही.

चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळंभाज्या टांगायची लाकडी चौकट, बांधताना पाहिली असेलच. बांधलेली माटोळी आडवीची उभी फिरवली तरी एका पट्टीला लावलेली फळं त्याच पट्टीला राहतात. ट्रान्सपोज तसं आहे. रीशेप म्हणजे सगळी फळं उतरवून, त्याच क्रमाने, वेगळ्या मापाच्या माटोळीवर परत टांगायची. फळं तेवढीच, क्रमही तोच, पण कुठलं फळ कुठल्या पट्टीवर होतं ते गेलं.

तुमच्या खऱ्या तक्त्यात काय झालं असेल तेही सांगता येतं. १२२ ला १२ ने भागलं की १० येतात आणि २ उरतात. त्यामुळे रीशेप केलेल्या तक्त्याच्या पहिल्या दहा ओळी सगळ्या पहिल्याच केंद्राच्या असतील: १ जूनमधून पहिल्या केंद्राची सरासरी वजा, २ जूनमधून दुसऱ्याची, ३ जूनमधून तिसऱ्याची. अकराव्या ओळीत पहिल्या केंद्राचे २९ आणि ३० सप्टेंबर, आणि त्यांच्या शेजारी दुसऱ्या केंद्राचे १ ते १० जून. एरर कुठेच नाही, कारण शेप जुळले.

रीशेप वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. एका ॲक्सिसच्या पोटात दुसरं ॲक्सिस दडलेलं असेल तेव्हा ते अगदी योग्य साधन आहे. दहा वर्षांचा पाऊस (१२, १२२०) असा सलग आला असेल तर (१२, १०, १२२) करणं बरोबरच, कारण १२२० मध्ये वर्षं आणि दिवस त्याच क्रमाने होते. एरर घालवायला म्हणून मात्र रीशेपला हात लावू नका.

ॲरेच्या भाषांत ही गोष्ट फार आधीपासून स्पष्ट होती. केनेथ आयव्हर्सन यांनी हार्वर्डमध्ये शिकवताना जी लेखनपद्धत बसवली ती १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आली, तिच्यातून एपीएल भाषा झाली, आणि १९७९ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. एपीएलमध्ये शेप विचारायला आणि बदलायला एकच चिन्ह आहे, ग्रीक ऱ्हो. माझ्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे एपीएल न जुळण्याचे दोन प्रकार वेगळे सांगते. ॲक्सिसची संख्याच वेगळी असेल तर ‘रँक एरर’. संख्या सारखी पण एखाद्या ॲक्सिसची लांबी वेगळी असेल तर ‘लेंग्थ एरर’. पहिल्याचा अर्थ, तुम्ही वेगळ्या जातीच्या दोन गोष्टी एकत्र करताय, एक तक्ता आणि एक यादी. यादी तक्त्याला कुठे लागू करायची ते सांगा. दुसऱ्याचा अर्थ, जात तीच आहे, पण कुठेतरी मोजणी चुकली, एखादा दिवस गळला किंवा एखादं केंद्र जास्तीचं आलं. दोघांचे उपाय वेगळे. नमपाय दोन्ही एकाच वाक्यात गुंडाळतो, म्हणून हा फरक आपण स्वतः करायचा. मी एरर वाचताना सगळ्यात आधी प्रत्येक कंसात किती आकडे आहेत ते बघतो. (१२,१२२) आणि (१२,) म्हणजे रँकचा प्रश्न. (१२,१२२) आणि (१२,१२१) असं दिसलं असतं तर मी तुम्हाला डेटाची फाइल उघडायला सांगितलं असतं, प्रोग्रॅम नव्हे.

तुमचाच वजाबाकीचा हिशोब दुसऱ्या भाषांत वेगळा वागतो, हेही माहीत असू द्या. एपीएल (१२, १२२) आणि (१२,) ला थेट रँक एरर देईल. आयव्हर्सन यांनीच रॉजर हुई यांच्याबरोबर १९९० च्या सुमारास केलेली ‘जे’ नावाची भाषा शेप डावीकडून जुळवते, त्यामुळे तिथे तुमची मूळ ओळ जशीच्या तशी चालेल आणि बरोबर चालेल. आर ही भाषा तक्ता रकान्यांच्या क्रमाने ठेवते आणि छोटी यादी पुन्हापुन्हा वापरत जाते. तिथेही १२ सरासऱ्या १२ ओळींवर बरोबर बसतील. पण त्याच आरमध्ये १२ गुणिले ४ चा तक्ता घेऊन ४ रकान्यांसाठी ४ आकड्यांची यादी दिलीत, तर ती यादी रकान्यांवर न बसता रकान्यातून खाली उतरत जाईल, आणि ४८ ला ४ ने पूर्ण भाग जातो म्हणून साधी ताकीदसुद्धा मिळणार नाही. मॅटलॅबने २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून नमपायसारखं पसरवणं आपोआप सुरू केलं. त्याआधी बीएसएक्सफन नावाचं वेगळं फंक्शन लिहावं लागायचं. उजवीकडून की डावीकडून, यात एक शहाणं आणि दुसरं वेडं असं काही नाही. रंगीत फोटोचा शेप (उंची, रुंदी, ३) असतो आणि तीन रंगांचे तीन गुणक लावायचे असतात, तिथे उजवीकडून जुळवणं फार सोयीचं पडतं. तुमच्या पावसाच्या तक्त्यात ते सोयीचं नाही, एवढंच.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण वरचं माझं ठाम मत तिच्यातूनच झालं.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयासाठी तालुकावार पाण्याचा हिशोब करत होतो. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा लाख लिटर पाणी होतं, तेव्हा पाऊस गुणिले क्षेत्रफळ केलं की काम झालं. गोव्यात तालुके १२. वर्षाचे महिने १२. तक्ता (१२, १२), आणि क्षेत्रफळांची यादी (१२,). गुणाकार केला, एरर नाही, तक्ता छापला, दिला.

नमपायने यादी उजव्या ॲक्सिसला, म्हणजे महिन्यांना लावली होती. जानेवारीचा रकाना यादीतल्या पहिल्या तालुक्याच्या क्षेत्रफळाने गुणला गेला, जुलैचा सातव्या तालुक्याच्या. जुलैसाठी मुरगाव आणि सत्तरी, दोघांनाही एकच क्षेत्रफळ! मुरगाव हा आपला एवढासा तालुका, आणि सत्तरी केवढी पसरलेली. सत्तरीला घाटाजवळचा पाऊस जास्त, म्हणून तिचा आकडा थोडा मोठा दिसायचा आणि तक्ता वरवर पटायचा. पावसाळ्यात आकडे फुगलेले, मार्चमध्ये जवळजवळ शून्य, सगळं जिथल्या तिथे. कुणाला शंका आली नाही. मलाही नाही.

पुढच्या वर्षी सांगण्यात आलं की बाकीचे महिने नकोत, फक्त जून ते सप्टेंबर द्या. तक्ता (१२, ४) झाला आणि त्या दिवशी त्या प्रोग्रॅममध्ये पहिल्यांदा एरर आला. माझ्याबरोबर काम करणारा मुलगा म्हणाला, कालपर्यंत चालत होतं, आज चार महिने केल्याने बिघडलं. मीही पहिली पाच मिनिटं तसंच समजत होतो. मग कागद घेतला, (१२, ४) च्या खाली (१२,) उजवीकडून लिहिला, त्याच्याच वर जुना (१२, १२) लिहिला, आणि माझे हातपाय गार पडले. आज काही बिघडलं नव्हतं. वर्षभर चुकत होतं, आज ते पहिल्यांदा समोर आलं. कार्यालयात जाऊन सगळं सांगितलं, सगळे तक्ते परत काढून दिले. त्या आकड्यांवर कुणी काही बांधलं नव्हतं हे नशीब. त्या दिवसापासून शेपचा एरर आला की मला राग येत नाही. दोन ॲक्सिस योगायोगाने सारख्या लांबीची असतात तेव्हा हा एरर येतच नाही, आणि खरी भीती तिथेच असते.

म्हणून प्रोग्रॅम तपासायला छोटा डेटा बनवताना प्रत्येक ॲक्सिसची लांबी मुद्दाम वेगळी ठेवा. ३ केंद्रं, ५ दिवस, २ वर्षं. ३ गुणिले ३ कधीच नको. तुमची केंद्रं १२ आहेत, उद्या महिन्यांची सरासरी काढाल तेव्हा तुम्हीही माझ्याच जागी उभ्या असाल.

दुसरा प्रश्न याच्याच घरातला आहे. खरा पाऊस (१२२,) असा होता आणि मॉडेलचा अंदाज (१२२, १) असा बाहेर आला. एक यादी, दुसरा एका रकान्याचा तक्ता. छापल्यावर एक आडवा दिसतो, एक उभा, आणि माणूस त्याकडे लक्ष देत नाही. उजवीकडून जुळवा: १ खाली १२२, पसरतो. पुढे १२२ खाली काही नाही, म्हणजे १, तोही पसरतो. प्रत्येक दिवसाच्या अंदाजातून प्रत्येक दिवसाचा पाऊस वजा झाला, १४,८८४ आकडे. तुम्ही तो तक्ता पाहिलात हे चांगलं झालं. बरेच जण लगेच वर्ग करून सरासरी घेतात, एकच आकडा हातात येतो आणि तक्ता कधी दिसतच नाही.

तीन दिवसांवर करून बघा. खरा पाऊस २, ४, ६. अंदाजही २, ४, ६, म्हणजे तंतोतंत. चूक शून्य यायला हवी. एक उभा आणि एक आडवा असेल तर नऊ वजाबाक्या होतात: ०, −२, −४, मग २, ०, −२, मग ४, २, ०. वर्गांची बेरीज ४८, भागिले ९, म्हणजे ५.३३. अचूक अंदाज देणाऱ्या मॉडेलला तुम्ही नापास कराल आणि आठवडाभर मॉडेल सुधारत बसाल. उपाय एका ओळीचा: वजाबाकीच्या आधी अंदाजाला रॅव्हल करून, म्हणजे सपाट यादी करून, (१२२,) करा, आणि दोघांचे शेप सारखे नसतील तर तिथेच थांबवणारं असर्ट घाला. इथे रीशेपही चालेल, कारण काढून टाकायच्या ॲक्सिसची लांबी १ आहे आणि तिथे मिसळायला काहीच नाही.

याच्याच उलट दिशेचा त्रास स्क्वीझ देतो. स्क्वीझ लांबी १ असलेली सगळी ॲक्सिस उडवतो. १२ केंद्रं असताना प्रोग्रॅम नीट चालतो, आणि एखाद्या दिवशी फक्त सांगे केंद्र निवडलं की (१, १२२) चा (१२२,) होऊन पुढे कुठेतरी भलत्याच ठिकाणी मोडतो. स्क्वीझला ॲक्सिस सांगितल्याशिवाय वापरू नये असं मी माझ्याकडे शिकणाऱ्यांना बजावून ठेवलंय. एकच केंद्र काढायचं असेल तेव्हाही नुसता ० न देता ० ते १ असा तुकडा काढा, ॲक्सिस शाबूत राहतं.

आणखी एक गोष्ट तुमच्या डेटात नक्की येणार आहे. एखाद्या केंद्राची दोन-तीन दिवसांची नोंदच नसते. ओळी कमीजास्त लांबीच्या असतील तर नमपायची १.२४ पासूनची आवृत्ती ॲरे बनवायलाच नकार देते आणि शेप इनहोमोजिनियस आहे म्हणते. जुन्या आवृत्त्या ऑब्जेक्टचा ॲरे बनवून द्यायच्या, तेव्हा हा नकार म्हणजे सुधारणाच. ओळीच्या शेवटी शून्य जोडून लांबी भरू नका. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही, आणि नोंद नाही म्हणजे ठाऊक नाही. शिवाय शेवटी जोडलंत तर मधला दिवस गळाल्यामुळे पुढच्या सगळ्या तारखा सरकलेल्याच राहतील. तारखेनुसार जागा लावून रिकाम्या जागी नॅन (‘आकडा नाही’ अशी खूण) ठेवा आणि सरासरीला नॅनमीन वापरा, ते नॅन सोडून सरासरी काढतं.

लिहिताना प्रत्येक ॲरेच्या शेजारी कॉमेंटमध्ये शेप आकड्यांत नव्हे, नावांत लिहा: केंद्र, दिवस. काम वाढलं की एक्सॲरे ही पायथनची लायब्ररी शिकून घ्या. त्यात ॲक्सिसला खरोखर नाव देता येतं आणि जुळणी नावावरून होते, त्यामुळे माझ्यासारखी तालुका-महिन्याची गल्लत होऊच शकत नाही. नमपायमधला आइनसम (ॲक्सिसना अक्षरं देऊन गुणाकार-बेरीज करणारं फंक्शन) याच कारणाने मला आवडतो. प्रत्येक ॲक्सिसला एक अक्षर द्यावं लागतं आणि ते देताना विचार करावाच लागतो.

आता तुमच्या दोन उत्तरांची खातरी स्वतः करून घ्या. वजाबाकीनंतर सगळ्या तक्त्याची मिळून सरासरी काढू नका, ती दोन्हींत शून्यच येईल. रीशेपवाल्या तक्त्यातही प्रत्येक सरासरी १२२ वेळा वजा झालेली आहे, फक्त भलत्या आकड्यांतून, त्यामुळे एकूण बेरीज तिथेही जुळते. केंद्रवार सरासरी काढा, म्हणजे (१२२, १२) च्या तक्त्यात ॲक्सिस = ० ने. ट्रान्सपोजवाल्यात बाराच्या बारा शून्याला चिकटलेल्या दिसतील, दशांशात कुठेतरी लांबवर काहीतरी उरेल तेवढंच. रीशेपवाल्यात दिसणार नाहीत. मग कीपडिम्स लावून मूळ (१२, १२२) वरच वजाबाकी करा, त्या उत्तराचा ट्रान्सपोज घ्या आणि आधीच्या ट्रान्सपोजवाल्या तक्त्याशी ऑलक्लोजने (दोन तक्ते जवळजवळ सारखे आहेत का ते सांगणारं फंक्शन) ताडून बघा. आणि वाळपईचा जुलैमधला एखादा धो धो पावसाचा दिवस निवडून तेवढी एक वजाबाकी कागदावर हाताने करा.